‘घरीच आहे ना’ : केळीच्या बागेतल्या एका सैल घरशाळेचा प्रकरण अभ्यास

जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यात फैजपूरच्या आसपासचं एक गाव. घरात आबा, आजी, मुलगा-सून आणि त्यांची दोन मुलं. आठ एकर बागाईत, सगळी केळी. थोडी मृगबाग, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली, थोडी कांदेबाग, म्हणजे पावसाळा सरताना लावलेली. म्हणजे वर्षभर घरातलं कोणी ना कोणी बागेत असतंच आणि मजुरांच्या चहाचं पातेलं दिवसभर गॅसवर असतंच. सून डी.एड. झालेली, पण नोकरी लागली नाही. आमच्याकडे अशा डी.एड. झालेल्या सुना गावोगाव आहेत. ती माझी जुनी विद्यार्थिनी. मुलांच्या शाळेचा प्रश्न उभा राहिला तेव्हा तिनं मला फोन केला आणि तेव्हापासून मी या घराच्या संपर्कात आहे. घरच्यांना विचारूनच लिहिते आहे. नावं देत नाही. मुलीला थोरली म्हणते, मुलाला धाकटा.

घरशाळेबद्दल, म्हणजे मुलांना शाळेत न पाठवता घरीच शिकवण्याबद्दल, मला आजवर जे वाचायला मिळालं ते बहुतेक मोठ्या शहरांतलं आणि लहान मुलांचं. चौदा-पंधराची मुलं, एकत्र कुटुंब, शेतीचं घर अशा ठिकाणी हे कसं निभतं, ते या घरात मला जवळून पाहता आलं. त्यातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते आधीच सांगते. मुलांचा वेळ सैल सोडायचा असेल तर तो वेळ आधी त्यांच्या मालकीचा असावा लागतो. धाकट्याचा तो होता. थोरलीचा नव्हता.

शाळा कशी सुटली

थोरली शहरातल्या एका इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळेत नववीला होती. डोकं दुखायचं, जेवण तुटलं होतं, पाळी दोनदा चुकली. भुसावळच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या. रिपोर्ट सगळे नॉर्मल. 2022 च्या दिवाळीला ती घरी आली आणि सुट्टी संपली तेव्हा बॅग भरेना. आईनं बळजबरी केली नाही. वडील आधी चिडले. फी भरलेली होती, आणि भावकीत काय सांगायचं हाही प्रश्न होताच. पण पोरगी पंधरा दिवसांत पोटभर जेवू लागली, तेव्हा त्यांनी विषय सोडला.

धाकटा तेव्हा गावातल्याच शाळेत आठवीत होता. ताई घरी, मग मी का जाऊ, ही त्याची भुणभुण लगेच सुरू झाली. इथं आईनं एक गोष्ट ठामपणे केली आणि ती फार शहाणपणाची होती. तिनं सांगितलं, आठवी पूर्ण कर, मग बघू. शिक्षणहक्क कायदा 6 ते 14 वयाच्या मुलांसाठी आहे. त्याच्या कलम 10 नुसार मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणं हे पालकांचं कर्तव्य आहे. न केल्यास पालकांना शिक्षा त्यात सांगितलेली नाही आणि घरशाळेबद्दलही कायदा काही स्पष्ट बोलत नाही. पण शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण करणारे शिक्षक दारात आले की उत्तर द्यावं लागतं. धाकट्यानं 2023 मध्ये आठवी पार केली, चौदा पूर्ण झाले, शाळा सोडल्याचा दाखला रीतसर हातात घेतला आणि मग तो घरी बसला. या दाखल्याचं महत्त्व किती, ते पुढे फॉर्म भरताना कळतं. नुसतं जाणं बंद करणारी मुलं इथेच अडकतात.

वेळापत्रक आणि झोप

डी.एड. झालेल्या आईनं सुरुवातीला घरात शाळाच मांडली. भिंतीवर तक्ता: सात ते आठ गणित, आठ ते नऊ इंग्रजी, आणि असंच पुढे दुपारपर्यंत. महिनाभरात माय-लेकीचं बोलणं बंद व्हायची वेळ आली. जे सोडून मुलगी घरी आली होती तेच घरात पुन्हा उभं राहिलं होतं, आणि इथे तर संध्याकाळी घरी जायची सोयही नव्हती. तक्ता निघाला. आईनं फोनवर विचारलं, “मॅडम, मग आता काहीच करायचं नाही का?” मी म्हटलं, काही दिवस खरंच काही करू नका. तिला झोपू दे, खाऊ दे, वाचावंसं वाटलं तर वाचू दे.

अमेरिकेतले शिक्षक जॉन होल्ट यांनी 1977 पासून शाळेविना शिकणाऱ्या मुलांसाठी एक नियतकालिक चालवलं. मुलाला शिकवावं लागत नाही, ते शिकतंच, ही त्यांची धारणा. या घरानं ती पूर्ण स्वीकारली नाही. त्यांची पद्धत मधली म्हणता येईल. परीक्षा द्यायची हे ठरलेलं, पण केव्हा, कशातून, किती तास हे मुलांनी ठरवायचं.

धाकट्याचा पहिला झगडा झोपेवरून झाला. आबा पाचला उठून बागेत जाणारे आणि नातू दहाला उठणारा. आबांच्या लेखी हे ऐतखाऊपणाचं लक्षण. त्यांना मी समजावलं की या वयात झोप आणणारं मेलाटोनिन शरीरात रात्री उशिरा वाढतं, म्हणून मुलांना लवकर झोपच येत नाही आणि सकाळी डोळा उघडत नाही. यात शरीराचाही भाग आहे, निव्वळ आळस नाही. आबांनी ऐकून घेतलं. पटलं असं वाटलं नाही. पण रात्री शेतीची लाईट येते त्या पाळीला मोटर चालू करायला नातू स्वतःहून जाऊ लागला, तेव्हा त्यांचं बोलणं कमी झालं. रात्रीच्या मोबाइलचा प्रश्न मात्र राहिलाच आणि तो अजूनही सुटलेला नाही.

दोन पानं

पुढच्या वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास गेले तेव्हा थोरलीचा चेहरा मला पुन्हा उतरलेला दिसला. तब्येत बरी, पण पुस्तकं जिथल्या तिथे. आई म्हणाली, “हिचं मन लागत नाही.” मी दोघांनाही वह्या दिल्या आणि सांगितलं की आठवडाभर फक्त लिहा, कुठला वेळ कुठे गेला. चांगलं-वाईट काही ठरवायचं नाही.

धाकट्याच्या वहीतलं एका दिवसाचं पान असं होतं: “10 उठलो. 11 ड्रिपचा फिल्टर साफ केला. 12 ते 2 जुना स्टार्टर उघडून बघितला, कॉइल जळालेली. जेवण. 3 ते 5 व्हिडिओ बघितले, कॉइल कशी बांधतात. 6 क्रिकेट. रात्री गेम.”

थोरलीचं त्याच दिवसाचं: “6 उठले. सडा, चहा. 8 मजुरांचा चहा. 9 भाकरी. साडेदहा पुस्तक उघडलं. पावणेअकरा काकूंनी कुरडयांना बोलावलं. 2 आजीला घेऊन सावद्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे. 5 पाहुणे आले, चहा. 6 आईला भाजी निवडून दिली. 9 पुस्तक उघडलं, झोप आली.”

ही दोन पानं मी स्वयंपाकघरात आईसमोर शेजारी शेजारी ठेवली. ती बराच वेळ बघत राहिली. तिनं मुलीला कधी मुद्दाम कामाला जुंपलं नव्हतं. कुणीच नव्हतं. प्रत्येकानं फक्त एक-एक काम सांगितलं होतं, आणि प्रत्येक वेळी कारण एकच: “घरीच हाये ना ते.” शाळेत जाणाऱ्या मुलीला अकरा वाजता कुरडया घालायला कुणी बोलावत नाही. शाळेचा गणवेश हा खेड्यातल्या मुलीसाठी दिवसातले सहा तास राखून ठेवणारा हक्क असतो. तो उतरला की ते तास सगळ्या घराचे, भावकीचे आणि गल्लीचे होतात. मुलाच्या बाबतीत असं होत नाही. तो बारा ते दोन स्टार्टर उघडून बसला तर घर म्हणतं, पोरगं काहीतरी शिकून राहिलंय. ती बारा ते दोन पुस्तक घेऊन बसली तर घर म्हणतं, रिकामी बसलीय.

मला यात सगळ्यात जास्त काळजी वाटली ती याची, की मुलीला स्वतःलाही हे अन्यायाचं वाटत नव्हतं. तिला वाटत होतं आपलंच मन लागत नाही.

उपाय अगदी साधा निघाला, पण घरातल्या सगळ्यांना तो पाळायला महिने लागले. माडीवरची खोली, अकरा ते तीन, दार लावून. त्या वेळात ती काय करते ते कुणी विचारायचं नाही. चित्र काढो, वाचो, झोपो. सकाळची भाकरी ती करेल, मजुरांचा दुपारचा चहा धाकटा करेल. चहाच्या पातेल्यापाशी पोरगा उभा राहिला तेव्हा काकूंनी तोंडाला पदर लावला, पण त्यानं केला. खरी पहारेकरी झाली ती आजी. ती चौथी शिकलेली, लग्न होऊन कोवळ्या वयात या घरात आलेली. वहीचं पान तिला वाचून दाखवलं होतं. जिन्याखाली वाती वळत बसायची आणि कुणी हाक मारली की खालूनच सांगायची, “तिले अकरा ते तीन कोनी हाक मारू नका.”

त्या चार तासांत काय झालं, याचं एक उदाहरण देते. थोरलीनं परीक्षेला चित्रकला आणि सामाजिक शास्त्र घेतलं होतं. कुठेतरी तिच्या वाचनात आलं की डिसेंबर 1936 मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं, खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, आणि त्याची सजावट नंदलाल बोस यांनी बांबूसारखं गावाकडचं साहित्य वापरून केली होती. आपल्या गावापासून हाकेच्या अंतरावर एवढा मोठा चित्रकार येऊन काम करून गेला, हे कळल्यावर ती पेटली. आबांना खोदून खोदून विचारलं. त्यांनी त्यांच्या वडिलांकडून ऐकलेलं सांगितलं. मग बोस यांची चित्रं शोधली, मग शांतिनिकेतन, मग बंगालची फाळणी. पाठ्यपुस्तकातली स्वातंत्र्य चळवळ तिनं उलट्या टोकानं, फैजपूरपासून सुरू करून वाचली, आणि तो धडा तिला कुणी शिकवावा लागला नाही.

बागेतलं गणित आणि बागेबाहेरचं

धाकट्याचं गणित बागेतून आलं. पाच बाय पाच फुटांवर लागवड, म्हणजे एका झाडाला 25 चौरस फूट. एकर 43,560 चौरस फुटांचा, म्हणजे एकरी 1,742 झाडं. मृगबागेत हरण्या हा केळीवरचा विषाणूजन्य रोग आला तेव्हा त्यानं रोज उपटलेली झाडं मोजून लिहिली. एका एकरात 139, म्हणजे जवळपास 8 टक्के. टक्केवारी त्या आठवड्यात पक्की झाली. शाळेत तीन वर्षं झाली नव्हती.

त्याहून चांगलं उदाहरण खताचं. शिफारस आहे झाडाला 200 ग्रॅम नत्राची. युरियात नत्र 46 टक्के. म्हणजे झाडाला साधारण 435 ग्रॅम युरिया, एकरी सुमारे 757 किलो, आणि गोणी 45 किलोची, म्हणजे सतराला थोड्या कमी गोण्या. हे सगळं हप्त्याहप्त्यानं ड्रिपमधून सोडायचं. बाकीच्या खतांमधून जाणारं नत्र यात धरलेलं नाही. ते धरलं तर गोण्या आणखी कमी होतात. वडील अंदाजानं यापेक्षा बऱ्याच जास्त टाकत होते. पोरानं कागद पुढे केला तेव्हा त्यांनी तो दुकानदाराला दाखवला, मग कृषी सहायकाला, आणि मग गोण्या कमी केल्या. आपल्या हिशेबानं घरातले पैसे वाचले, हे त्या वयात फार मोठं बळ आहे.

पण इथे मला स्पष्ट बोलायचं आहे. सैल पद्धतीचे समर्थक म्हणतात की जगण्यातून सगळं शिकता येतं. बागेतून प्रमाण, टक्केवारी, क्षेत्रफळ आलं. वर्गसमीकरण आलं नाही, त्रिकोणमिती आली नाही, आणि येणारही नव्हती. त्यासाठी बसावंच लागतं, आणि धाकटा बसला तो स्टार्टरमुळे. त्याला आयटीआयला इलेक्ट्रिशियन करायचं होतं आणि त्या ट्रेडला दहावीत गणित-विज्ञान लागतं. हे कळल्यावर त्यानं स्वतः फैजपूरच्या एका निवृत्त गणित शिक्षकांकडे जायला सुरुवात केली. सर जुन्या वळणाचे, पाढे म्हणून घेणारे. त्यांच्याकडे कसलीही सैल पद्धत नव्हती, आणि पोरानं कुरकुर न करता ते सोसलं, कारण कशासाठी ते त्याला माहीत होतं.

वडिलांच्या तोंडी मधूनमधून बहिणाबाईंचं नाव यायचं: त्या कुठे शाळेत गेल्या होत्या? जळगाव जिल्ह्यात हा दाखला सगळेच देतात. आसोद्याच्या बहिणाबाईंची प्रतिभा शाळेवाचून फुलली हे खरंच आहे. पण त्यांच्या ओठांवरच्या ओव्या सोपानदेवांसारख्या लिहिता येणाऱ्या घरच्या माणसांनी कागदावर उतरवल्या, म्हणून त्या आज आपल्यापाशी आहेत. मुलांनी शाळा सोडली तरी कागदाशी नातं तुटता कामा नये, हे मी त्यांना त्याच दाखल्यावरून सांगितलं.

फॉर्म

दहावीसाठी दोन वाटा होत्या. राज्य मंडळाचा 17 नंबर फॉर्म, म्हणजे खासगी विद्यार्थी म्हणून नेहमीचीच एसएससी. किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, जिला सगळे एनआयओएस म्हणतात. 17 नंबरमध्ये विषय शाळेसारखेच आणि तयारी एकदम सगळ्यांची. एनआयओएसमध्ये माध्यमिकला वय 14 पूर्ण लागतं, पाच विषय, त्यात किमान एक भाषा. परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशी वर्षातून दोनदा. नोंदणी पाच वर्षं चालते, जमतील तसे विषय देत जायचं, उत्तीर्ण झालेला विषय जमा राहतो. घरून लिहून द्यायच्या स्वाध्यायांना 20 टक्के गुण. मराठी माध्यमही आहे. या घराला हीच वाट सोयीची होती.

थोरलीनं मराठी, इंग्रजी, गृहविज्ञान, चित्रकला, सामाजिक शास्त्र घेतलं. गणित घेतलं नाही. तिथे ते सोडता येतं. मी तिला कागदावर लिहून दाखवलं की गणित-विज्ञानाशिवाय डिप्लोमा, सायन्स आणि आयटीआयचे बरेच ट्रेड बंद होतात. तिनं दोन दिवस विचार करून तरीही सोडलं. पंधरा-सोळाव्या वर्षी असा निर्णय मुलीनं घ्यावा का, यावर घरात दोन मतं होती आणि आजही आहेत. माझं मत तिच्या बाजूनं होतं, कारण परिणाम समजून घेऊन तिनं तो घेतला होता आणि गणित हा जादा विषय म्हणून नंतरही देता येतो. तारखा, फी, स्वाध्याय पाठवणं ही कामं मात्र आईनं स्वतःकडे ठेवली. ही कामं मुलांवर सोडली असती तर वर्ष वाया गेलं असतं, याबद्दल मला शंका नाही.

मैत्रिणी आणि स्थळं

गावातल्या मुलींचं मैत्र शाळेत जमतं त्याहून जास्त एसटीत जमतं. पाचवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास मिळतो. थोरलीचं नाव कुठल्याच शाळेत नव्हतं, म्हणून पास नव्हता, म्हणून ती बस नव्हती, म्हणून त्या मुली नव्हत्या. क्रिकेटमुळे धाकट्याला हा प्रश्न आला नाही. अभ्यासापेक्षा ही उणीव मला जास्त बोचत होती. मार्च 2023 पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट झालं. त्यावर ती आठवड्यातून दोन दिवस सावद्याच्या वाचनालयात जाऊ लागली, मुद्दाम मुलींच्याच बसनं. तेवढं तिला पुरलं असं मी म्हणणार नाही. दहावीच्या सेंड-ऑफचे फोटो मैत्रिणींच्या स्टेटसला आले त्या दिवशी ती जेवली नाही.

आणि सतरावं सरताना स्थळं येऊ लागली. “शिकत नाही ना, मग बघायला काय हरकत?” कायद्यानं अठराच्या आत लग्न होत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं, बघून ठेवू, साखरपुडा करून ठेवू, अशी ती भाषा. शिकणारी मुलगी आणि घरी असलेली मुलगी यांत नातेवाईक फरक करतात, आणि ती घरी शिकते आहे हे त्यांच्या हिशेबात बसत नाही. वडिलांनी इथे चांगली भूमिका घेतली. एनआयओएसचं फोटो असलेलं ओळखपत्र त्यांनी देवळीत ठेवलं होतं. मध्यस्थ आला की ते त्याच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, “केंद्र सरकारच्या बोर्डाची परीक्षा देतेय, बारावी झाल्याशिवाय विषय नको.” मुलीला घरी शिकवू पाहणाऱ्या आपल्याकडच्या प्रत्येक घरानं ही तयारी आधीच करून ठेवावी, असं मी आग्रहानं सांगेन.

आजची स्थिती

थोरली 2024 च्या एप्रिलला तीन आणि ऑक्टोबरला दोन विषय देऊन दहावी झाली. चित्रकलेत गुण उत्तम, इंग्रजीत जेमतेम. बोलायचा सरावच राहिला नाही. धाकटा 2025 च्या एप्रिलला चार विषयांत पास झाला, गणितात राहिला. ऑक्टोबरच्या फेरीत ते निघालं. आता तो आयटीआयच्या प्रवेशाची वाट बघतो आहे आणि गल्लीतल्या निम्म्या मोटरींचे स्टार्टर त्याच्याकडे दुरुस्तीला येतात. पुस्तक म्हणून मात्र तो अजून काही हातात धरत नाही.

याची किंमत कुणी दिली तेही लिहायला हवं. 2023 च्या फेब्रुवारीत शिक्षकभरतीसाठीची शिक्षक अभियोग्यता चाचणी झाली. मुलीची तब्येत तेव्हा नुकती सावरत होती आणि आई परीक्षेला बसली नाही. पुढची चाचणी थेट 2025 च्या मे-जूनमध्ये झाली. त्या वेळी ती बसली. मधली दोन वर्षं तिनं मुलांना दिली, आणि या घरात कुणी ती हिशेबात धरलेली नाहीत. मी तिला ते बोलून दाखवलं तेव्हा म्हणाली, “मॅडम, माझंही तेच झालं की. घरीच आहे ना.”

थोरलीला बारावीनंतर जळगावला राहून चित्रकला शिकायची आहे. वडिलांची तयारी आहे पण हॉस्टेलचं नाव काढलं की ते थबकतात. तिचं नववीतलं आजारपण ते विसरलेले नाहीत. ती म्हणते, आता मला चालेल. आजी म्हणते, मी जाते तिच्यासोबत, खोली घेऊन राहू. याचा निर्णय अजून झालेला नाही.